तोबरे काढायचे राहिले

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मर्विन पबात ग्लास पुसता पुसता तुम्हाला सांगेलच, आणि त्याच्या तोंडी ती चूक दर वर्षी बोटभर वाढते.

सत्त्याहत्तरचा जून. राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली होती आणि सगळं इंग्लंड पताका शिवत बसलं होतं. आमचं लिडकोटही. लिडकोट म्हणजे एक रस्ता, एक चर्च, मर्विनचा पब आणि लॉक्स्टनबाई. बाई शाळेतून रिटायर झालेल्या, पण गावाला अजून तिसरीतलंच समजायच्या. सोहळ्याच्या समितीच्या अध्यक्ष त्याच. मी रस्त्याचा मजूर. गटारं काढायची, कडेचं गवत कापायचं. वर चर्चच्या कबरी खणायच्या. आणि घंटा ओढणाऱ्या सहा जणांचा म्होरक्याही मीच, कारण दुसऱ्या कोणी हो म्हटलं नाही. चौसष्ट वर्षं वय, गुडघे त्याहून म्हातारे.

ज्यानं कधी दोर धरला नाही त्याच्यासाठी दोन शब्द सांगतो. आमच्या सहा घंटा. सहावी सगळ्यात मोठी, भरल्या गाईएवढी जड. वाजवायच्या आधी झुलवत झुलवत त्या उताण्या करायच्या, तोंड आभाळाकडे. मग दोराला झटका दिला की घंटा सबंध चक्कर मारते, एकदा बोलते, आणि पुन्हा उताणी होऊन थांबते. अशा उताण्या घंटांच्या खोलीत वर कोणी पाऊल टाकायचं नाही. नुसता कोपर लागला तरी सुटते, आणि मग माणूस पोत्यात भरून खाली आणावा लागतो. काम झालं की सगळ्या खाली पालथ्या करून ठेवायच्या, हा नियम.

आणि कोणी गेलं की घंटेतल्या लोळ्याच्या एका अंगाला चामड्याचा जाड तोबरा पट्ट्यानं आवळायचा. मग पहिला टोला खणखणीत पडतो आणि दुसरा टेकडीपलीकडून आल्यासारखा. पुन्हा खणखणीत, पुन्हा टेकडीपलीकडून. ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. टोपी आपोआप हातात येते.

तर सोहळ्याच्या दहा दिवस आधी आयव्ही गेली. सेड्रिक पॅडफील्डची बायको. सेड्रिक म्हणजे आमची सहावी घंटा. चाळीस वर्षं तो दोर त्याचाच. मी आणि तो शाळेत एका बाकावर बसलेलो आणि एकाच दिवशी हाकललेलो. गुरुवारी आयव्हीला पुरलं. खड्डा मी खणला, वरनं पाऊस. मग टॉवरमध्ये जाऊन तोबरे बांधलेल्या घंटा ओढल्या. सेड्रिकच्या जागी शेजारच्या गावचा एक गडी उसना आणला होता. वाजवून झाल्यावर बाकीचे हॅम आणि चहाला गेले. मला कबर बुजवायची होती, खड्ड्यात पाणी भरत होतं. म्हटलं, राहू द्या घंटा उताण्याच. उद्या शुक्रवार, सरावाला येऊ तेव्हा पालथ्या करू आणि तोबरेही काढू.

शुक्रवारी लॉक्स्टनबाईंनी सराव रद्द केला. टेबलं वाहायची होती. रविवारी आमच्या पाद्र्याची पाळी दुसऱ्या गावात. त्याच्याकडे चार चर्चं आहेत आणि एक खटारा गाडी. शनिवार, रविवार, सोमवार मी शिडीवर. पताका लाव, पताका काढ, लॉक्स्टनबाईंना लाल पुढे हवा होता तिथं निळा आला. माझी बायको ऑलिव्ह म्हणाली, "पर्सी, तू झोपेत हातोडी मारतोस."

पण माझ्या डोक्यात तेव्हा तोबरे नव्हते, टेबलंही नव्हती. डोक्यात सेड्रिक होता.

सोमवारी दुपारी त्याच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात बसलेला. अंगात कोट, पायात बूट, जसा काही बसची वाट बघतोय. ओट्यावर गावातल्या बायकांनी आणून दिलेली सात भांडी, झाकणंसुद्धा उघडलेली नाहीत.

"काय खाल्लंस?"

"बिस्कीट."

"कधी?"

"तू काय डॉक्टर आहेस?"

मी बसलो. म्हटलं, "उद्या तीन वाजता घंटा आहेत."

"ऐकलं."

"सहावीला कोणी नाही. त्या उसन्या गड्याच्या गावात त्याचा स्वतःचा सोहळा आहे."

"मग पाच वाजवा."

"पाच वाजवल्या तर लॉक्स्टनबाई मला सहाव्या दोराला लटकवेल."

तो हसला नाही. म्हणाला, "पर्सी, मी सोडलं ते. आता नाही धरत दोर."

मी कबरी खणतो. बायको गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मागोमाग गेलेले किती गडी मीच शेजारी झोपवलेत, मला माहीत आहे. सगळ्यांचं एकाच तऱ्हेनं सुरू होतं. आधी एक गोष्ट सोडतात. बाग सोडतात, नाहीतर पब सोडतात, नाहीतर दाढी. मग सुटतच जातं. मला दुसरा खड्डा खणायचा नव्हता. राणीचं मला काही नव्हतं. बाई बरी आहे, पंचवीस वर्षं नोकरी टिकवली. मला सेड्रिकच्या हातात दोर हवा होता, एवढंच.

मी उठलोच नाही. चहा मीच केला, दूध आंबलेलं निघालं, तसाच प्यायलो. शेवटी तो म्हणाला, "येईन. पण एक अट."

"बोल."

"उद्या तिचं नाव कोणी काढायचं नाही. नऊ दिवस झाले, जो भेटतो तो मान वाकडी करून हात धरतो. दुकानात ब्रेड घ्यायला गेलो तर मुलगी रडायला लागली. मलाच तिला रुमाल द्यावा लागला. उद्या कोणी 'बिचारा' म्हणायचं नाही, कोणी हळू बोलायचं नाही. नुसत्या घंटा. जमेल?"

"सगळ्यांना सांगतो."

"शब्द?"

"शब्द."

आणि मी सांगितलंही सगळ्यांना, घरोघर फिरून. माणसांची तोंडं बंद केली. घंटांना सांगायचं राहिलं.

मंगळवार उजाडला तो थंड. जूनमध्ये ऑलिव्हनं लोकरीचा कोट काढला. पाऊस पडत नव्हता, नुसता येऊ का येऊ का करत होता. रस्त्याच्या मधोमध टेबलं, त्यांच्यावर कागदाच्या चादरी, चादरी उडू नयेत म्हणून चिमटे, चिमटे कमी पडले म्हणून दगड. अंड्याची सँडविचं, जेली, सॉसेजचे रोल. बँड म्हणजे चार म्हातारे आणि एक ढोल. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो समितीचा थकवा. हसतायत, पण डोळे खुर्ची शोधतायत.

तीनला दहा कमी असताना सेड्रिक आला. दाढी केलेली, गालावर कापलेलं. कोणी मान वाकडी केली नाही. मर्विन चौथ्या दोराला होता, तो म्हणाला, "ये बाबा. तुझ्या जागी आणलेला तो गडी दोर असा धरायचा, जशी म्हैस शेपटाला धरून नेतोय."

"आणि तू कसा धरतोस?" सेड्रिक म्हणाला. "पंचवीस वर्षं बघतोय. बिअरचा नळ ओढल्यासारखा."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. पहिल्या दोन घंटांना गेज बहिणी, तिसरीला आमचा पोस्टमन, पाचवीला मी. हात दोराला लागले. थोरल्या गेजबाईनं आमची नेहमीची हाळी दिली, "सांभाळा! पहिली निघाली... गेली!"

आणि पडले सहा टोले. एकापाठोपाठ एक, मण्यांसारखे, आणि शेवटी सेड्रिकची सहावी, अशी की भिंतीतून पायात आली. बाहेर रस्त्यावर आरोळी उठली. पोरं ओरडली. मी म्हटलं, झालं, जमलं.

मग दोर खाली आले, आम्ही दुसरा झटका दिला.

तो आवाज तुम्ही ऐकला नसेल तर बरं. गोधडीखालून कोणी हाक मारावी तसे सहा टोले. पहिल्याच टोल्याला माझ्या पाठीला घाम फुटला. दुसऱ्याला मर्विननं माझ्याकडे बघितलं. आणि शेवटी सहावीचा, सेड्रिकच्या हातानं, धप्प, मातीवर माती पडल्यासारखा.

थांबवायचं तर म्होरक्यानं "थांबा" म्हणायचं असतं. माझं तोंड उघडेना. पुन्हा खणखणीत फेरी गेली. पुन्हा गोधडीखालची. मी सेड्रिककडे बघत नव्हतो, त्याच्या हातांकडे बघत होतो. ते चुकत नव्हते. चौथी का पाचवी फेरी गेल्यावर धाकट्या गेजबाईनंच रडवेल्या आवाजात ओरडून सांगितलं, "पर्सी, थांबव ना रे!" तेव्हा कुठं मी "थांबा" म्हटलं. घंटा एकेक करून उताण्या थांबल्या.

बाहेर चिडीचूप. ढोलसुद्धा थांबला.

"गाढवा," मर्विन हळूच म्हणाला. "तोबरे."

दार धाडकन उघडलं. लॉक्स्टनबाई, डोक्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या फुलांची टोपी, हातात हजेरीचा कागद. "कोण गेलं? रेडिओवर काही सांगितलं का? बाहेर सगळ्यांनी टोप्या काढल्यात. म्हातारी डॉर्कस रस्त्यात गुडघ्यावर बसलीय, म्हणते राणी गेली!"

"कोणी मेलेलं नाही बाई," मर्विन घाईघाईनं म्हणाला. "काही नाही, कोणीसुद्धा मेलेलं—"

मग त्याला कळलं, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला.

सेड्रिकनं आपला दोर नीट गुंडाळला. शेपूट आत खोवलं, खुंटीला अडकवला. घाई नाही. "मेलंय की," तो म्हणाला. "दहा दिवस झाले आज." आणि लॉक्स्टनबाईंच्या बाजूनं वाट काढून बाहेर पडला.

बाई माझ्याकडे वळल्या. "पर्सी, वर जाऊन ती चामडी काढ. या क्षणी."

"घंटा उताण्या आहेत बाई. वर गेलो तर खाली माझे तुकडे येतील. आधी पालथ्या करायला लागतील, एकेक, झुलवत. वीस मिनिटं."

"आणि त्या पालथ्या होताना कशा वाजतील?"

"अशाच."

"वीस मिनिटं?" बाई खाली बाकावर बसल्या. इतक्या दिवसांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "दीडशे माणसांना मी वीस मिनिटं मयताचा चहा पाजू?"

मी म्हटलं, "मर्विन, तुम्ही चौघं बघा," आणि सेड्रिकच्या मागे निघालो. म्होरक्यानं टॉवर सोडायचा नसतो, पण मला वाटलं, तो आता घरी जाईल, कोट घालून त्या खुर्चीत बसेल, आणि परत उठणार नाही. आणि तिथं त्याला मी बसवला असेल.

तो घरी पोचलाच नव्हता. चर्चच्या फाटकाबाहेर उभा होता, कारण पुढे जायला वाटच नव्हती. अख्खं गाव रस्त्यात उभं, उघड्या डोक्यानं, चर्चकडे तोंड करून. माणसं, बायका, कागदी मुकुट हातात घेतलेली पोरं. सगळ्यांच्या नजरा एकट्या सेड्रिकवर. तो बातमी घेऊन आलाय, असंच वाटलं त्यांना.

मी त्याच्या मागे दहा पावलांवर थांबलो.

सेड्रिकनं घसा साफ केला. तो कधी चार माणसांत बोलला नव्हता. लग्नातसुद्धा त्याच्या वतीनं मीच बोललो होतो. "टोप्या घाला," तो म्हणाला. "राणी ठीक आहे. डॉर्कस, ऊठ, गुडघे भिजतील तुझे." मग जरा थांबला. "ते आयव्हीचे तोबरे आहेत. गुरुवारचे. पर्सी काढायचे विसरला."

कोणी काही बोलेना. दिलेला शब्द पाळत होते बिचारे. मग डॉर्कस, एकोणनव्वद वर्षांची, दोघांच्या हाताला धरून उठता उठता म्हणाली, "म्हणजे मी आयव्हीसाठी गुडघे भिजवले? तिनं माझी केक भाजायची ताटली नेली होती, ती अजून दिली नाही."

"कुठली? निळ्या काठाची?" सेड्रिकनं विचारलं.

"निळ्याच काठाची."

"ओट्याखाली आहे. उद्या आणून देतो."

कुठंतरी एक बाई हसली, मग लगेच रडायला लागली, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. आयव्हीचं नाव या टेबलावरून त्या टेबलावर. ती सूपमध्ये मीठ जास्त घालायची. ती पोस्टमनला दारातूनच शिव्या द्यायची. ऑलिव्हनं सेड्रिकला खुर्चीत दाबून बसवलं आणि हातात कप दिला. वर घंटा पालथ्या व्हायला लागल्या होत्या, एक टोला जिता, एक मेलेला, आणि त्याच्याखाली लोक सँडविचं खात होते. मी उभाच. मला कोणी खुर्ची दिली नाही, आणि माझी लायकीही नव्हती.

अर्ध्या तासानं मर्विन घामाघूम होऊन आला. "पाच झाल्या. सहावी राहिलीय. ओढू का मी?"

"हात लावू नको," सेड्रिक म्हणाला, आणि कप ठेवून उठला.

सहावी त्यानं एकट्यानं पालथी केली. मग आम्ही दोघं वर चढलो. अठ्ठावन्न पायऱ्या, गोल, अंधाऱ्या, कबुतरांच्या घाणीनं निसरड्या. अर्ध्या वाटेवर घड्याळाच्या खोलीत दोघंही बसलो. किती वेळ नुसतं धापाच टाकत होतो.

"सेड्रिक," मी म्हटलं, "मी शब्द दिला होता."

"दिला होतास."

"मला माफ—"

"तू पण सुरू करू नको." त्यानं कपाळ पुसलं. "दुसरा टोला पडला तेव्हा वाटलं, खाली कोसळतो मी. तिसऱ्या फेरीला वाटलं, हा पर्सीचा आळस. हा शाळेत असल्यापासूनचा. दहा दिवसांत तू पहिला माणूस, जो विसरला. बाकीचे मला बघितलं की लक्षात ठेवतात. दमायला होतं रे, लोकांच्या लक्षात राहून."

मी गुडघे चोळत बसलो.

"ती भांडी घासता घासता टोले ऐकून मोजायची," तो म्हणाला. "कोण किती चुकलं ते. जेवताना सांगायची. मर्विन चार, पर्सी अकरा. आता कोण मोजणार?"

"मर्विन मोजेल. माझ्या तरी नक्की."

तो "हं" म्हणाला. मग आम्ही भिंतीला धरून उठलो आणि उरलेल्या पायऱ्या चढलो. पट्टे पावसाळी हवेनं फुगले होते, बक्कल निघता निघेना. सहा तोबरे काढायला बोटांची सालं गेली.

सगळं खाली आणून घंटा पुन्हा उताण्या करेपर्यंत सहा वाजून गेले होते. पोरांना सोहळ्याचे कप वाटून झाले होते, पोत्यांच्या शर्यती झाल्या होत्या, आणि शेवटी आलाच तो पाऊस. लोक टेकडीवरचा सोहळ्याचा जाळ बघायला निघून गेले होते. ओला लाकूडफाटा पेटत नव्हता आणि लॉक्स्टनबाई रॉकेलवाल्याला खडसावत होत्या, एवढं खालपर्यंत ऐकू येत होतं. रस्त्यात ऑलिव्ह आणि दोन बायका कप विसळत होत्या. कागदी चादरींचा लगदा झाला होता.

"कोणासाठी वाजवायच्या आता?" पोस्टमननं विचारलं. त्याला पहाटे चारला उठायचं होतं.

थोरल्या गेजबाईनं दोर धरला, म्हणून आम्हीही धरले.

पंधरा मिनिटं वाजवल्या. चांगल्या नाही वाजवल्या. माझे खांदे गेले होते, मर्विन नेहमीसारखाच. सेड्रिकचा टोला दोनदा उशिरा पडला आणि दोन्ही वेळा त्यानं स्वतःलाच शिवी घातली. पण सगळे टोले उघडे होते, दोन्हीकडचे. मग पालथ्या केल्या, दोर बांधले.

बाहेर पडताना सेड्रिकनं तोबऱ्यांचं पोतं खांद्यावर घेतलं.

"कुठं नेतोस?"

"घरी. चामडं कडक झालंय. तेल कोणी लावलंय का कधी? म्होरक्या म्हणवतोस."

मी म्हटलं, "शुक्रवारी आणतोस ना परत? सरावाला?"

तो पावसात उभा राहिला, पोतं सावरत. थकलेला दिसत होता, माझ्याएवढाच, त्याहून जास्त नाही.

"किती वाजता?"

"साडेसात. चाळीस वर्षं साडेसातलाच असतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुझ्या लक्षात आहे का, ते बघत होतो."